एका वाचकाची सात नाटके

अनेक विषयांत डोके घालणाऱ्या माणसास टोचून बोलण्याची सोय आपल्या भाषेत भरपूर आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तर शाळामास्तरांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या जिभेवर सदैव तयार असते. एखादा मुलगा आज बखर, उद्या रहस्यकथा, परवा वनस्पतिशास्त्रावरचे पुस्तक आणि तेरवा जुनी पोथी घेऊन बसलेला दिसला, की ही म्हण त्याच्या अंगावर फेकली जाते. ज्यास विद्वान व्हावयाचे असेल त्याने एक शास्त्र धरावे, ते तडीस न्यावे, आणि बाकीचे वाचन सुटीच्या दिवसांपुरते ठेवावे, अशी आपली एकंदर समजूत आहे.

ही समजूत माझीही होती. पंचवीसांहून अधिक वर्षे मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे, आणि या काळात ती पुष्कळ विद्यार्थ्यांस ऐकविलीही आहे. एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर तर मी ‘वाचन पुष्कळ, परंतु विस्कळीत’ असा शेरा लिहिला होता. त्या शेऱ्यास आता बरीच वर्षे लोटली. परंतु ज्या कृष्णाकाठी मी राहतो त्याच काठावरच्या एका थोर वाचकाचा विचार करू लागलो म्हणजे तो शेरा मला आठवतो आणि अस्वस्थ करतो. तो वाचक म्हणजे ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल. नाटककार, नाट्यशिक्षक, पदांचे कर्ते म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहेतच. वाचक म्हणून मात्र त्यांच्याकडे फारसे पाहिले गेले नाही, आणि आज येथे तेवढेच करावयाचे आहे.

सांगलीहून हरिपुरास जाणारा रस्ता चिंचेच्या जुन्या झाडांमधून जातो. तो संपतो तेथे वारणा कृष्णेस मिळते आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. सांगलीच्या हळदीच्या पेठेस या गावच्या जमिनीतील पेवांचा मोठा आधार असे; खोल खणलेल्या त्या पेवांत घातलेली हळद वर्षानुवर्षे टिकत असे. हे हरिपूर देवलांचे गाव. जवळच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले होते. त्यानंतर बारा वर्षांनी, 13 नोव्हेंबर 1855 रोजी, देवलांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते बेळगावास गेले आणि तेथे अण्णासाहेब किर्लोस्करांसारखा शिक्षक त्यांस लाभला. 1880 साली किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा हा शिष्य त्यांच्या परिवारात होता. पुढे देवलांनी पुण्यास शेतकीचे शिक्षण घेतले आणि काही काळ तो विषय शिकविला. म्हणजे संस्कृत, इंग्रजी, गायन, तालीम आणि शेतकी असा हा पसारा. आमच्या म्हणीप्रमाणे पाहिले तर चिंध्यांचा भारा बराच मोठा होता!

या माणसाने एकंदर सात नाटके लिहिली. ‘दुर्गा’ (1886) हे आयरिश नाटककार सदर्न याच्या ‘इझाबेला’ नाटकावरून, ‘मृच्छकटिक’ (1887) शूद्रकाच्या संस्कृत प्रकरणावरून, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासावरून, ‘झुंझारराव’ (1890) शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘शापसंभ्रम’ (1893) बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (1893) हे गद्य प्रहसन मर्फी या आयरिश लेखकाच्या इंग्रजी नाटकावरून. हेच प्रहसन पदे घालून ‘संशयकल्लोळ’ या नावाने देवलांच्या निधनानंतर, 1916 साली, गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. ही सहा झाली. सातवे ‘शारदा’ (1899), आणि ते मात्र कोणत्याही ग्रंथावरून घेतलेले नाही.

या यादीवरून वाङ्मयेतिहासकारांनी जो निकाल दिला तो आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे : देवलांची सहा नाटके आधारित, एक स्वतंत्र, म्हणून ते एक थोर, आणि बाकीची सहा कुशल कारागिरी. हा निकाल वरवर निर्विवाद दिसतो. परंतु त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. ज्यांच्यावरून देवलांनी घेतले ते ग्रंथ स्वतः स्वतंत्र होते, ही एक. आणि ‘शारदे’चा या सहा ग्रंथांशी काही संबंध नाही, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिलीचा विचार करू. सदर्नचे नाटक 1694 सालचे. त्याची कथा त्याने ॲफ्रा बेन या बाईच्या एका छोट्या गोष्टीवरून घेतली होती. पुढे 1757 साली गॅरिक या नटाने त्यातील विनोदी भाग काढून टाकून केवळ करुण कथा ठेविली, आणि सारा सिडन्स या नटीने 1782 साली त्यातील भूमिकेने लंडन गाजविले. म्हणजे हरिपूरच्या माणसाच्या हाती ‘इझाबेला’ आली ती दोन हात फिरूनच. ‘ऑथेल्लो’ची कथा शेक्सपिअरने सिंथिओ या इटालियन लेखकाच्या 1565 साली छापलेल्या कथासंग्रहातून उचलली. मर्फीच्या 1761 सालच्या प्रहसनाचे मूळ मोलिएरच्या 1660 सालच्या एका छोट्या फ्रेंच नाटकात आहे. कालिदासाच्या पुरूरव्याचा आणि उर्वशीचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, पंचाण्णवाव्या सूक्तात, आहेच.

‘मृच्छकटिका’ची हकीकत तर अधिक मौजेची आहे. देवलांनी ते मराठीत आणिले तेव्हा शूद्रकाची कल्पना सर्वस्वी त्याची स्वतःची, असेच सर्व विद्वान मानीत होते. पुढे त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी 1912 पासून भासाची म्हणून समजली जाणारी नाटके प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांत ‘चारुदत्त’ हे चार अंकी, अपुरे नाटक निघाले, आणि ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक त्याच्याशी इतके जुळतात की एक दुसऱ्यावरून झाले, याविषयी फारशी शंका राहत नाही. भासाचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. तथापि शूद्रकही कोणाचा तरी वाचक होता, असे मानण्यास आता आधार आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चे बीज गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असल्याचे सांगतात, आणि गुणाढ्य परंपरेप्रमाणे प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता. बाणाच्या या ग्रंथाचे नाव मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकारास दिले, आणि देवलांनी त्याच ग्रंथाचे नाटक केले. गोदातीरावरची म्हणून सांगितली जाणारी कथा पैशाचीतून संस्कृतात गेली आणि दीड हजारांहून अधिक वर्षांनी मराठी पदे गात परत आली. ही उसनवारी म्हणावी, की घरची ठेव घरी आली म्हणावे?

तेव्हा देवलांच्या सहा ग्रंथांपैकी निव्वळ स्वयंभू असा एकही नाही. प्रत्येकाच्या मागे एक वाचक उभा आहे. ज्यास आपण मूळ म्हणतो ते बहुधा त्याच्या मागचे पुस्तक हरवलेले असते, एवढेच.

आता देवलांनी वाचले ते कोणत्या रीतीने वाचले, ते पाहू. त्यांच्या पूर्वीही हे ग्रंथ मराठीत येऊ लागले होते. परशुरामतात्या गोडबोले यांनी संस्कृत नाटकांची भाषांतरे केली होती. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी 1867 साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणिला होता. ही कामे मोलाची खरी. परंतु ती अभ्यासिकेत बसून वाचावयाची होती. त्या पिढीचा प्रश्न, मुळात काय आहे, हा होता. देवलांचा प्रश्न निराळा. हे वाक्य नटाच्या तोंडी बसेल काय? मागच्या रांगेतल्या हळदीच्या अडत्यास आणि पडद्याआडच्या बायकांस ते एकदा ऐकून समजेल काय? ही एकच कसोटी त्यांनी कालिदासास लाविली, शेक्सपिअरास लाविली, आणि ज्यास आज इंग्लंडातही फारसे कोणी विचारीत नाही त्या मर्फीसही लाविली. वाचताना त्यांनी थोर आणि सामान्य असा सोवळेपणा पाळला नाही. कालिदासाच्या शेजारी मर्फी मांडावयास आमच्यासारख्या प्राध्यापकाचा हात कचरतो; देवलांचा कचरला नाही.

या कसोटीचे फळ कसे आले त्याची साक्ष साताऱ्याकडून मिळते. शाहूनगरवासी ही नाटकमंडळी शाहूनगरची, म्हणजे साताऱ्याची. गद्य नाटके, विशेषतः शेक्सपिअरची, मराठी प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडण्याचे मोठे श्रेय या मंडळीकडे आणि तिचे नायक गणपतराव जोशी यांच्याकडे जाते. गणपतरावांच्या नावाबरोबर दोन भूमिका आजही उच्चारल्या जातात : आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तला हॅम्लेट आणि देवलांचा झुंझारराव. ज्यांनी इंग्रजीचे अक्षर पाहिले नव्हते असे सहस्रावधी लोक या दोन भूमिकांनी शेक्सपिअरचे श्रोते झाले.

‘फाल्गुनरावा’चे उदाहरण तर वाचन कसे घरी आणावे याचा धडाच आहे. मूर्च्छा आलेल्या एका स्त्रीस एक गृहस्थ सावरतो. त्याची बायको ते पाहते. त्या स्त्रीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर बायकोच्या हाती लागते. नवरा ते पाहतो. आणि दोन जोडपी संशयाच्या भोवऱ्यात सापडतात. ही मोलिएरची युक्ती मर्फीमार्फत देवलांस मिळाली. परंतु पात्रांची नावे पाहा : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. ही सारी महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून योजिली आहेत. पॅरिस आणि लंडन येथून निघालेले प्रहसन पंचांगाच्या पानावर येऊन उतरले! भिंतीवरच्या खुंटीला लटकलेले ते पंचांगही या वाचकाने सोडले नव्हते. आजचा प्रेक्षक ‘संशयकल्लोळ’ पाहतो तेव्हा त्यास फ्रान्साची आठवण यत्किंचितही होत नाही. याहून मोठी पावती कोणती?

वर आगरकरांचे नाव आले. देवलांच्या वाचनाची जात नीट समजण्यास त्यांची आठवण उपयोगी पडते. हरिपुराहून कृष्णेच्या काठाने वर गेले की कऱ्हाडाजवळ टेंभू लागते. तेथे 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. देवलांहून ते आठ महिन्यांनी धाकटे. एकाच नदीचे पाणी प्यालेले, एकाच पिढीचे, आणि इंग्रजी विद्येने जागे झालेले हे दोन वाचक. आगरकरांनीही हॅम्लेट मराठीत आणिला, वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहिले, डोंगरीच्या तुरुंगातील दिवसांची हकीकत लिहिली. म्हणजे त्यांचेही वाचन एका खणातले नव्हते. परंतु मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून त्यांस एक तत्त्वदृष्टी मिळाली आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्या दृष्टीने समाज तपासण्यात घालविले. जे पटले ते तर्काने सांगावे, पुन्हा सांगावे, कोणी ऐको वा न ऐको, हा त्यांचा बाणा.

ज्या प्रश्नावर त्यांनी लेखणी झिजविली त्यांपैकी एक बालविवाहाचा. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात जे रण माजले ते इतिहासप्रसिद्ध आहे. डॉ. भांडारकर धर्मशास्त्रातील वचने घेऊन कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आगरकर ‘सुधारका’तून लढले, टिळकांनी सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. सभा उधळल्या गेल्या, मित्र दुरावले. दोन्ही पक्षांचे लोक अतिशय विद्वान होते. तथापि ज्या मुलींविषयी हा वाद चालला होता त्यांपैकी बहुतेकींस अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यावरचा निबंध त्यांस वाचता येत नव्हता. 1895 साली आगरकर गेले.

देवलांच्या लेखनाचा कालक्रम येथे लक्षात घ्यावा. 1886 पासून 1893 पर्यंत त्यांनी एकामागून एक नाटके दिली. त्यानंतर 1899 पर्यंत त्यांचे नवे नाटक नाही. हरिपूरच्या पेवात हळद घालावी तसे वाचलेले सारे या सहा वर्षांत आत मुरत होते, असे म्हटल्यास ती केवळ अलंकाराची भाषा होणार नाही. कारण पेव उघडले तेव्हा ‘शारदा’ बाहेर आली.

कथा वाचकांस ठाऊक आहे. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीचा धनिक लग्नास उतावीळ. कांचनभट हा पैशाचा लोभी बाप. भद्रेश्वर दीक्षित हा दोघांमधला दलाल. आणि मध्ये सापडलेली शारदा. कोदंड हा तरुण, वधू आणि वर सगोत्र आहेत असे उघडकीस आणून ऐन वेळी लग्न थांबवितो. जिवावर उदार होऊन नदीकडे गेलेल्या शारदेस तोच वाचवितो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचे लग्न लागते.

हे नाटक कोणत्याही ग्रंथावरून घेतलेले नाही, हे खरेच आहे. परंतु ते सहा ग्रंथांवाचून लिहिले गेले असते, असे मला वाटत नाही. भद्रेश्वर दीक्षिताकडे पाहा. एकाची वासना आणि दुसऱ्याचा लोभ हेरून तो दोघांस खेळवितो. दुसऱ्याच्या मनातील कच्चा दुवा ओळखून तेथेच बोट ठेवणाऱ्या माणसाचा अभ्यास देवलांनी ‘ऑथेल्लो’तल्या इयागोवर केला होता, फक्त तो खलपुरुष आता हसतमुख मध्यस्थ होऊन लग्नघरात वावरू लागला, आणि म्हणून अधिक भयंकर झाला. भुजंगनाथाची फजिती करताना जे हसू उसळते ते प्रहसनाच्या शाळेत शिकलेले आहे. नुसत्या संतापाने लिहिणाऱ्याचा भुजंगनाथ एकसुरी राक्षस झाला असता, आणि प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांनी त्यात आपले तोंड ओळखले नसते. ‘मृच्छकटिका’त प्रत्येक पात्राची प्राकृत वेगळी, शकाराची बोली तर त्याच्या मूर्खपणाची खूणच. भटजी, दलाल, आई, मैत्रिणी, प्रत्येकाचे मराठी निराळे ऐकू येते ही ‘शारदे’ची जी थोरवी, ती शूद्रकाच्या पंगतीस बसल्याने आली. ‘इझाबेले’त परिस्थितीने कोंडलेली, इतरांच्या निर्णयापुढे हतबल झालेली स्त्री त्यांनी अगोदरच चितारून पाहिली होती. कालिदास आणि बाण यांच्याकडून, शोक कोठे बोलावा आणि कोठे गावा, हे मिळाले.

आणि शेवटची गाठ सुटते ती कशाने? सगोत्रतेच्या नियमाने. म्हणजे धर्मशास्त्रातल्या एका साध्या कलमाने. 1891 च्या वादात शास्त्रवचने दोन्ही बाजूंनी ढालीसारखी पुढे केली जात होती. देवलांनी तेच शास्त्र रंगभूमीवर आणून मुलीची सुटका त्याच्याकडूनच करविली. कोदंडाने येथे तत्त्वज्ञानावर भाषण दिले असते तर सनातनी प्रेक्षक उठून गेला असता. सगोत्र म्हटल्यावर त्यास बसावेच लागले.

यावर कोणी म्हणेल की हे सारे जुळवून आणलेले आहे. वृद्धविवाह देवलांनी डोळ्यांनी पाहिले होते, ‘शारदा’ त्या दर्शनातून झाली, पुस्तकांतून नव्हे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ते दृश्य त्या काळी सर्वांनी पाहिले होते. घरोघर पाहिले होते. परंतु पाहणे आणि दाखविणे यांत अंतर आहे. पाहिलेले दुसऱ्यास दिसेल असे मांडावयास हाती साधने लागतात, आणि ती साधने देवलांनी उज्जयिनीपासून लंडनपर्यंत हिंडून गोळा केली होती. तसेच नुसत्या साधनांनीही भागले नसते. त्यांच्यासारखेच संस्कृत आणि इंग्रजी वाचलेले पदवीधर त्या वेळी मुंबई इलाख्यात थोडे नव्हते; ‘शारदा’ त्यांच्यापैकी कोणी लिहिली नाही. देवलांची कसोटी एक होती म्हणून त्यांचे वाचन अनेक वाटांनी गेले तरी विखुरले नाही. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या चिंध्यांची वाकळ करतात. चिंध्या कितीही रंगांच्या असोत, दोरा अखंड असला म्हणजे तिच्यात ऊब येते.

त्या वाकळीची ऊब किती दूरवर पोचली, हे एका लोकभ्रमावरून कळते. बालविवाहास आळा घालणारा कायदा 1929 साली झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून अमलात आला. मुलीस चौदा आणि मुलास अठरा वर्षांची मर्यादा त्याने घातली. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. महाराष्ट्रात मात्र पुष्कळ जण त्यास ‘शारदा कायदा’ म्हणत, आणि देवलांच्या नायिकेवरूनच हे नाव पडले, असे आजही कित्येक सुशिक्षित माणसे खात्रीने सांगतात. इतिहासाच्या शिक्षकाने ही चूक दुरुस्त केली पाहिजे, आणि मी ती करीत आलो आहे; परंतु असली चूक ज्या नाटकाविषयी होऊ शकते त्यास इतिहासात निराळी जागा आहे, हेही त्याने सांगितले पाहिजे.

आता त्या शेऱ्याविषयी.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत आणि घरांत शिरले. वाचनालयांची पुस्तकेही त्यातून सुटली नाहीत. पाणी ओसरल्यावर एका ठिकाणी पुस्तके वाळविण्याच्या कामास मी गेलो होतो. तेथे चाळिशीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ ओल्या पुस्तकांची पाने एकेक सुटी करीत बसला होता. मला पाहताच तो उठला. “सर, ओळखलंत का मला?” मी ओळखले. ज्याच्या अर्जावर मी तो शेरा मारला होता तोच हा विद्यार्थी. शिष्यवृत्ती त्यास मिळाली नव्हती. त्या शेऱ्याचा परिणाम किती आणि इतर कारणांचा किती, हे सांगता येणार नाही. परंतु शेरा माझा होता. त्याने पुढे शिक्षण सोडून घरची हळदीची शेती पाहिली. शेऱ्याची गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. मला होती.

बोलता बोलता मी विचारले, तू तेव्हा इतके निरनिराळे का वाचीत होतास? तो हसला. “सर, वाचनालयाचं कार्ड माझ्या नावाचं होतं, पण पुस्तकं आईसाठी न्यायचो. तिला अक्षर येत नाही. तिसरीतून काढली होती, चौदाव्या वर्षी लग्न झालं. रात्री जेवणं झाली की मी वाचायचो नि ती ऐकायची. कधी म्हणायची, आज पोथी नको, हसायला येईल असं आण. कधी म्हणायची, परदेशातली माणसं काय खातात ते बघ. एक झालं की दुसरंच काहीतरी हवं असायचं तिला.”

इतकी वर्षे ज्यास मी एका मुलाची विस्कळीत बुद्धी समजत होतो ती एका निरक्षर बाईची जिज्ञासा होती. अर्जावर तिचे नाव नव्हते, आणि मी विचारले नव्हते.

त्याच्या हातातले पुस्तक ‘शारदा’ होते. जुनी प्रत, कडा गाळाने तपकिरी झालेल्या. “हे पण वाचून दाखवलं होतं आईला,” तो म्हणाला. “सगळं ऐकून घेतलं तिनं. आणि मग म्हणाली, हे त्याला कुणी सांगितलं रे?”

मजजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ दिवस तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला, आणि हा लेख म्हणजे त्याचे मला सुचेल तेवढे उत्तर आहे. काही ॲफ्रा बेनने सांगितले, काही शूद्रकाने, काही बाणाने, काही कोणी एका मर्फीने. आणि उरलेले त्या माउलीसारख्या कोणी हरिपुरात, शेजारच्या घरात, न बोलता सांगितले असले पाहिजे. त्यांतले एकही कमी असते तर तिला तो प्रश्न पडला नसता.

आम्ही दोघांनी ती प्रत पंख्याखाली उघडी करून ठेविली. काही पाने मात्र सुटली नाहीत.